चार पंखांचा लुटारू आणि त्याच्या पोटात गेलेला इंद्र

गारगोटी | रविवार, रात्री १०:४७

एकाच्या पोटात पक्षी सापडला, दुसऱ्याच्या पोटात मासा, तिसऱ्याच्या पोटात अख्खा सरडा आणि चौथ्याच्या पोटात उंदराएवढ्या कुणा सस्तन प्राण्याचं पाऊल. चौघेही एकाच घराण्यातले, मायक्रोरॅप्टर. ईशान्य चीनच्या ल्याओनिंग प्रांतात, साधारण १२ कोटी वर्षांपूर्वी तळ्याच्या गाळात जाऊन पडलेले.

धाग्याचं निमित्त माझा भाचा. वय वर्षं सात. वाढदिवसाला त्याला कुणीतरी डायनोसॉरचा डबा दिला. बारा नग, सगळे हिरवे, सगळे टकले. त्याने सगळे ओळीत मांडले आणि मला विचारलं, "मावशी, यात पिसंवाला कुठाय?" मी भूगर्भशास्त्र अर्धवट सोडलेली बाई. एवढा प्रश्न आल्यावर गप्प बसवतंय थोडंच.

तर मायक्रोरॅप्टर. व्हेलोसिरॅप्टरच्या कुळातला, म्हणजे पावलाच्या दुसऱ्या बोटाला विळ्यासारखी नखी, आणि चालताना ते बोट जमिनीवरून उचललेलं. पण आकार? शेपटीच्या टोकापर्यंत धरून पाऊण-एक मीटर, त्यातही मोठा वाटा शेपटीचाच, आणि वजन जेमतेम किलोभर. कावळ्यापेक्षा चांगलाच दणकट, वजनात साधारण घारीएवढा. २००० साली श्यू शिंग आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा वर्णन केलं तेव्हा पक्षी सोडून माहीत असलेल्या डायनोसॉरांत हा सगळ्यांत लहान ठरला होता. तेव्हा नाव दिलं मायक्रोरॅप्टर झाओइआनस. मग जानेवारी २००३ मध्ये त्याच चमूने मायक्रोरॅप्टर गुई जाहीर केला आणि सगळे उडालेच, कारण याच्या हातांना पंख होते तसे पायांनाही होते.

हे नीट समजायचं तर उद्या गच्चीत कावळ्याचं एखादं मोठं पीस पडलेलं दिसलं की उचला. मधली दांडी उभी धरा. एका बाजूची पाती अरुंद आणि ताठ, दुसऱ्या बाजूची चांगली दुप्पट-तिप्पट रुंद आणि मऊ. अरुंद कड वाऱ्याला सामोरी जाते. ऊब धरायला किंवा मिरवायला असलेल्या पिसाला असल्या भानगडीची गरज नसते, तिथे दोन्ही बाजू सारख्या चालतात. मायक्रोरॅप्टरच्या हातांवरची लांब पिसं अशी एकीकडे अरुंद, एकीकडे रुंद आहेत. पोटरीवरची आणि पावलाच्या हाडांवरचीही तशीच आहेत. पावलावर! चालताना झाडूसारखी जमीन घासत जातील इतकी लांब.

पोटातली मंडळी सापडली ती अशी: २०११ मध्ये पक्षी, २०१३ मध्ये मासा, २०१९ मध्ये सरडा, २०२२ मध्ये ते पाऊल. त्यातला सरडा नव्याच जातीचा निघाला. त्याचे दात तिथल्या कुठल्याच माहीत असलेल्या सरड्यासारखे नव्हते. म्हणून त्याला नाव द्यायची वेळ आली, आणि चीनमधल्या संशोधकांनी नाव ठेवलं इंद्रसॉरस वांगी. वांगी म्हणजे भरली वांगी नव्हेत, वांग युआन या संशोधकाच्या सन्मानार्थ आहे ते. पण इंद्र आपलाच. युद्धात राक्षसी सर्पाने इंद्राला गिळलं त्या कथेवरून. इथे गिळणारा सर्प म्हणजे मायक्रोरॅप्टर.

शास्त्रीय नावांच्या गर्दीत आपला देवेंद्र असा कुणाच्या तरी पोटात सापडेल असं वाटलं नव्हतं.

---

रानवाट | सोमवार, सकाळी ६:२०

वाचनखूण साठवली. पिसाचं उदाहरण फार आवडलं. आत्ताच गच्चीतून जाऊन आलो, पारव्याचं मिळालं. अगदी तसंच आहे.

एक विचारतो. रंग कळलाय का काही? की चित्रकारांच्या मर्जीवर?

---

शंकेखोर | सोमवार, सकाळी ९:०५

गारगोटीताई, लिहिलंय छान, पण ल्याओनिंग हे नाव ऐकलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. तिथले शेतकरी फॉसिल विकतात, तुकडे चिकटवून विकतात, हे जगजाहीर आहे. नॅशनल जिओग्राफिकने मोठा गाजावाजा करून छापलेला तो आर्किओरॅप्टर बनावट निघाला होता ना? मग पायांना पंख असलेला प्राणी म्हणजे कुणीतरी कोंबडीचे पंख पायाला चिकटवलेले नाहीत हे कशावरून? (हलके घ्या, पण अगदीच हलके नको.)

---

गारगोटी | सोमवार, दुपारी १:३२

@शंकेखोर, खिशाकडे हात जाणं योग्यच आहे. पण ज्या बनावटीचं नाव घेतलंत तिची शेपटी धरली तर आपण थेट मायक्रोरॅप्टरपाशीच येतो.

१९९७ साली ल्याओनिंगमध्ये तुकडे खणून काढले गेले आणि चांगला भाव यावा म्हणून जोडले गेले. जोडलेला नमुना चोरट्या मार्गाने अमेरिकेत पोचला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत टूसॉनच्या खनिज-प्रदर्शनात ८०,००० डॉलरला विकला गेला. त्याच वर्षी टेक्सास विद्यापीठात टिमोथी रोव यांनी त्याचं सीटी स्कॅन केलं. ८८ तुकडे! रोव यांना जोडकामाचा संशय आला होता, त्यांनी मालकांना सांगितलंही. तरी नोव्हेंबरच्या अंकात मासिकाने डायनोसॉर आणि पक्ष्यांमधला दुवा म्हणून ते छापलं. डिसेंबरात श्यू शिंग चीनमध्ये दुसराच एक नमुना बघत होते. थरांचा खडक फोडला की तो उघडलेल्या पुस्तकासारखा दोन पानांत दुभंगतो, हाडं दोन्ही पानांवर उमटतात. श्यू यांच्या हातात जे पान होतं त्यावरची शेपटी आणि आर्किओरॅप्टरची शेपटी म्हणजे एकाच पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं निघाली. फक्त श्यू यांच्या पानावर शेपटीच्या पुढे उरलेलं शरीर अगदी वेगळ्या प्राण्याचं होतं. तो प्राणी म्हणजे मायक्रोरॅप्टर झाओइआनस, वर लिहिलेला २००० सालचा. आर्किओरॅप्टरचा पुढचा धडाचा भाग एका आदिम पक्ष्याचा होता, यानॉर्निस.

म्हणजे खऱ्या प्राण्याची शेपटी खोट्या प्राण्याला लावून जगभर गाजली आणि खरा प्राणी नंतर प्रकाशात आला. मला विचाराल तर यात शेतकऱ्यापेक्षा छापायची घाई करणाऱ्यांचा दोष जास्त. शेतकऱ्याने तुकडे जोडले कारण पूर्ण प्राण्याला चार पैसे जास्त मिळतात. त्याला दुवा-बिवा सिद्ध करायचा नव्हता.

पायांच्या पंखांबद्दल: एकच नमुना असता तर तुमची शंका मी डोक्यावर घेतली असती. पण २००३ च्या शोधनिबंधातच एकापेक्षा जास्त नमुने होते, तपासलेले, आणि आज संग्रहालयांतून या प्राण्याचे तीनशेहून अधिक जीवाश्म आहेत. पायांची पिसं परत परत त्याच जागी सापडतात. एवढ्या कोंबड्या कुणी मारल्या म्हणायच्या?

@रानवाट, रंगाचं रात्री लिहिते. कंपनीत बसून एवढंच शक्य आहे.

---

शंकेखोर | सोमवार, दुपारी १:५१

८८ तुकडे हे माहीत नव्हतं. बरं. कोंबड्या मागे घेतो, शंका राखून ठेवतो.

---

पोथीवाले | सोमवार, सायंकाळी ५:१४

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. इंद्राला गिळल्याची ही कथा त्या शोधनिबंधात 'वैदिक' म्हटली आहे असं वाचलं. ऋग्वेदात (१.३२) वृत्र हा 'अहि' आहे खरा, पाणी अडवून पर्वतावर पसरलेला, आणि इंद्र त्याला वज्राने मारून पाणी मोकळं करतो. परंतु तिथे गिळण्याचा प्रसंग नाही. तो येतो महाभारतात, उद्योगपर्वात. वृत्राने इंद्राला तोंडात टाकलं. देव घाबरले. मग त्यांनी जृंभिका निर्माण केली, म्हणजे जांभई! वृत्राने जांभई दिली, तोंड उघडलं, आणि इंद्र अंग चोरून बाहेर सटकला. तेव्हापासून प्राणिमात्रांना जांभई येऊ लागली अशी कथा आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात मात्र इंद्र सरळ पोट फाडून बाहेर येतो.

सबब नाव उत्तम, विशेषण चुकीचं.

---

गारगोटी | सोमवार, रात्री ९:४०

@पोथीवाले, राग कसला, हे वाचून घरात तीन जणांनी जांभया दिल्या. आमच्या इंद्राला मात्र जांभईचा उपयोग झाला नाही. तो डोक्याकडून आत गेलेला आहे, अख्खा. आजचे शिकारी पक्षी आणि घोरपडीसुद्धा भक्ष्य असंच डोक्याकडून गिळतात, म्हणजे पाय आणि खवले उलटे अडकत नाहीत. मांजर उंदीर खाताना बघितलं असेल तर कळेल, तीही डोक्याकडूनच सुरुवात करते.

आता रंग. पिसांना रंग देणाऱ्या पेशींत मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म पुड्या असतात आणि त्यांचा आकार रंगाप्रमाणे बदलतो. काळ्याच्या लांबोडक्या, तांबूस-तपकिरीच्या गोलसर. जीवाश्मातल्या पिसांत या पुड्यांचे आकार टिकून राहतात. २०१२ मध्ये मायक्रोरॅप्टरच्या एका नमुन्यातून असे नमुने काढून आजच्या पक्ष्यांशी ताडले. निघाल्या लांब, बारीक, सॉसेजसारख्या, नीट थरांत रचलेल्या. असली रचना आजच्या ज्या पक्ष्यांत सापडते त्यांचा रंग नुसता काळा नसतो. उजेड पडला की त्यावर निळी-जांभळी झाक फिरते. म्हणजे हा काळाभोर होता आणि झळाळता. शेपटीच्या टोकाला पंख्यासारखी पिसं आणि त्यांतून बाहेर आलेली दोन लांब पिसं.

---

रानवाट | सोमवार, रात्री १०:०२

अहो मग हा भृंगराज झाला की! काळा, झळाळता, शेपटीतून दोन लांब पिसं. महाबळेश्वर-आंबोलीच्या जंगलात बघा, अगदी हीच मूर्ती. फक्त भृंगराजाला दात नाहीत एवढंच. स्वभाव मात्र गुंडाचाच, बरं का. कोतवालाच्या घराण्यातला असल्यामुळे घारीलासुद्धा हाकलतो.

पण वागण्यात मला हा भारद्वाज वाटतो. गावाकडे परसात असायचा. उडायला आळशी. झुडपात शिरायचा, फांद्यांवरून उड्या मारत वर चढायचा आणि शेंड्यावरून पंख पसरून पलीकडच्या झाडात आदळल्यासारखा उतरायचा. खाणं काय म्हणाल तर गोगलगाय, सरडा, पिल्लं, अंडी, छोटा साप, काहीही. आजी म्हणायची भारद्वाज दिसला की गोड खायला मिळतं. भारद्वाजाला दिसलेल्यांचं काय होतं ते मात्र तिने कधी सांगितलं नाही.

---

वाचनमात्र | मंगळवार, पहाटे १२:४९

आदळल्यासारखा उतरायचा :)) डोळ्यासमोर आला.

---

विंडसरकर | मंगळवार, सकाळी ७:३८ (इकडे अजून सोमवारच चालू आहे)

पोटापाण्यासाठी विमानांच्या पंखांवर काम करतो, त्यामुळे या धाग्यात न बोलता राहणं शक्य नाही.

मूळ प्रश्न असा की चार पंख असले तर ते धरायचे कसे? श्यू शिंग यांच्या पहिल्या चित्रात पाय बेडकासारखे बाजूला फाकवलेले होते, पतंगासारखे चारही पंख एका पातळीत. यावर टीका झाली, कारण डायनोसॉरांचा खुब्याचा सांधा तसा वळत नाही. मांडी खुब्यातून निसटेल. मग २००७ मध्ये शंकर चटर्जी (मूळचे कोलकात्याचे, टेक्सासमध्ये प्राध्यापक) आणि कॅनडातले विमान-अभियंते जॅक टेंपलिन यांनी वेगळीच कल्पना मांडली: पाय शरीराखाली, म्हणजे हातांचे पंख वरच्या मजल्यावर, पायांचे खालच्या. राइट बंधूंच्या काळातली दुमजली विमानं आठवा. गणित मांडून त्यांनी दाखवलं की हा प्राणी फांदीवरून सूर मारायचा, खाली येताना वेग मिळाला की त्या वेगावर पुन्हा वर चढायचा आणि दुसऱ्या झाडावर पोचायचा, पंख न फडफडवता. आमच्यात याला फ्युगॉइड म्हणतात. विमानात तो दोष समजतात, वैमानिक वैतागतो. इथे त्याच दोषावर शिकार चालू.

२०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने फोमची मॉडेल करून गलोलीसारख्या यंत्राने सोडून पाहिली, पाय फाकवलेले. तीही छान तरंगली. २०१३ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठात पूर्ण आकाराचं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवलं, तर पाय कसे धरले याने तरंगण्यात फार मोठा फरक पडत नाही असं आलं. म्हणजे आम्ही सगळे ज्या गोष्टीवर भांडत होतो तिचं त्या प्राण्याला फारसं काही पडलेलं नसावं.

माझं स्वतःचं मत: तो चांगला तरंगणारा आणि कसाबसा फडफडणारा होता. २०२० च्या एका अभ्यासात पंखांचं क्षेत्रफळ आणि वजन यांचं गणित करून, जोर लावून उडण्याची क्षमता पक्ष्यांच्या बाहेरही एकाहून जास्त वेळा आली असावी असं दाखवलंय, आणि त्यात मायक्रोरॅप्टर आहे. क्षमता आहे म्हणजे उडत होताच असं नव्हे. माझ्या गाडीची क्षमता ताशी २०० किलोमीटर आहे.

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी १०:११

म्हणजे थोडक्यात कुणालाच ठाऊक नाही. उडायचा की नाही, हो किंवा नाही?

---

रानवाट | मंगळवार, सकाळी १०:५६

@शंकेखोर, भारद्वाज उडतो का? हो किंवा नाही?

एक पुरावा पक्षीवाल्यांच्या बाजूने टाकतो, पीसगळीचा. पावसाळ्याच्या आसपास कावळ्याकडे वर मान करून बघा. पंखात कुठेतरी एकेका पिसाची फट दिसते, दोन्ही पंखांत सारख्याच जागी. एक गळतं, त्या जागी नवं अर्धं वाढतं, मग शेजारचं गळतं. उडण्यावाचून पोट भरत नाही, म्हणून गळती हप्त्याहप्त्याने. बदकांचं तसं नाही. त्यांची सगळी मोठी पिसं एकदम गळतात, काही आठवडे उडणं बंद, पाण्यात लपून काढतात. २०२० मध्ये मायक्रोरॅप्टरच्या एका नमुन्यात अशी फट आणि त्यात अर्धवट वाढलेली पिसं सापडली, कावळ्याच्या पद्धतीची. पंखांवाचून ज्याचं एक दिवसही चालत नव्हतं त्याचीच पीसगळ अशी असणार.

---

विंडसरकर | मंगळवार, सायंकाळी ६:२२

रानवाट, हा मुद्दा माझ्या सगळ्या बोगद्यांपेक्षा भारी आहे. 'कसाबसा' हा शब्द मागे घेत नाही, पण आवाज खाली आणतो.

---

कबुतरखाना | मंगळवार, रात्री ८:१५

मी कोल्हापूरचा. आमच्या वडलांपासनं घरात कबुतरं. शिकलेला न्हाई फार पण हे वाचून गप बसवंना म्हणून लिहितोय, चुकलं तर सांगा.

पायाला पंख म्हटल्यावर तुम्ही सगळी एवढी दचकला कशानं? आमच्याकडं असली कबुतरं हाईत की. पायाच्या बोटांपर्यंत पिसांचे झुपके, काहींची तर वीतभर. जमिनीवर चालताना फतक-फतक करत जातात, पावसात चिखल लागून लगदा होतो, मग कात्रीनं थोडी कापावी लागतात. आणि ती पिसं बारीक मऊ न्हाईत. बाहेरच्या अंगाची पिसं पंखातल्या पिसासारखीच ताठ दांडीची असतात. हातात धरून सांगतोय, आत्ता एक नर मांडीवरच बसलाय.

---

गारगोटी | मंगळवार, रात्री ९:०३

@कबुतरखाना, शिकलेले नाही कसले! धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या चमूने नेमक्या याच कबुतरांवर काम केलं. कुठला अवयव हात होणार आणि कुठला पाय हे गर्भात काही जनुकं ठरवतात. पिसाळ पायांच्या कबुतरांत पायाचं जनुक थोडं मंदावलेलं आणि हाताचं जनुक पायात चालू झालेलं सापडलं. म्हणजे तो पाय काही अंशी पंख व्हायला निघालेला असतो. तुमच्या मांडीवरच्या नराची बाहेरच्या अंगाची पिसं पंखासारखी ताठ का, त्याचं उत्तर हे. मायक्रोरॅप्टरमध्ये नेमकं असंच घडलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण पायावर पंख उगवायला काही चमत्कार लागत नाही, एवढं तुमच्या खुराड्यातच दिसतं.

तुमचं चिखलाचं निरीक्षणही भारी. म्हणूनच बरेच जण म्हणतात की हा प्राणी जमिनीवर फार वेळ घालवणारा नसणार.

---

कबुतरखाना | मंगळवार, रात्री ९:२०

नराला सांगितलं. फुगलाय.

---

चंद्रपुरी | बुधवार, सकाळी ८:४४

आपल्याकडे का नाही सापडत असं काही? वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळतात, लहानपणी सहलीला नेलं होतं. शेतात दगडासारखी दिसणारी त्यांची शेणं पण पडलेली असायची. गावाच्या नावातच पिस आहे आणि पिसंवाला एकही नाही!

---

गारगोटी | बुधवार, दुपारी १:१८

पिसदुऱ्याला कमी लेखू नका. त्या शेणांचे, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेचे पातळ काप करून २००५ मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं याचा तो जगातला पक्का पुरावा, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला. पोटातल्या ऐवजावरून सगळी गोष्ट उलगडायची हे दोन्हीकडे सारखंच.

पिसांचं गणित वेगळं आहे. पिसदुऱ्याचे थर ल्याओनिंगपेक्षा पाचेक कोटी वर्षांनी अलीकडचे, आणि तिथली हाडं विखुरलेली, मोडलेली मिळतात. पीस टिकायला हाडापेक्षा फार लाड लागतात. ल्याओनिंगमध्ये शांत तळी होती आणि जवळ ज्वालामुखी. प्राणी तळ्यात पडला, तळाशी बारीक चिखल आणि राख, प्राणवायू जवळपास नाही, त्यामुळे कुजवणारं कुणी नाही. पिठासारखा बारीक गाळ वर बसत गेला आणि पिसाची रेघन् रेघ उमटली. आपल्याकडे ज्वालामुखी झाला तो असा की सह्याद्री उभा राहिला. वितळलेल्या दगडाच्या लोंढ्यात पिसं शोधायची म्हणजे तव्यावर लोण्याचा ठसा शोधण्यासारखं.

आणखी एक, ल्याओनिंग तेव्हा थंड होतं. सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास असावं असा एक अंदाज आहे. किलोभर वजनाच्या गरम रक्ताच्या प्राण्याला तिथे पिसांची गोधडी लागणारच. उडणं पुढचं, आधी थंडी.

---

शंकेखोर | बुधवार, सायंकाळी ४:३०

एक शेवटचं. पक्षी झाडावर, मासा पाण्यात, सरडा कुठेही, सस्तन प्राणी जमिनीवर. मग हा राहत कुठे होता? २०११ ला पोटात झाडावरचा पक्षी मिळाला म्हणून झाडावरचा शिकारी ठरवला. दोन वर्षांनी मासा मिळाल्यावर काय, कोळी ठरवला?

---

गारगोटी | बुधवार, रात्री १०:१५

@शंकेखोर, हा प्रश्न आवडला, आणि खरंच जवळजवळ तसंच झालं. मासेवाल्या निबंधात पुढे झुकलेल्या दातांचा संबंध मासे धरण्याशी लावलाय. प्रत्येक नवीन पोट उघडलं की नवीन धंदा. माझं मत विचाराल तर रानवाट यांचा भारद्वाज सगळ्यांत जवळचा. एका जेवणावरून कुणाचं घर ठरवू नये. आमच्या डब्यात मंगळवारी बोंबील होता म्हणून आम्ही वर्सोव्याचे होत नाही.

त्या पावलाची हकीकत राहिली होती, ती सांगते. २०२२ चा तो नमुना नवीन नव्हता. ज्याच्यावरून २००० साली मायक्रोरॅप्टर हे नाव पडलं, ज्याच्या शेपटीचं समोरचं पान आर्किओरॅप्टरला चिकटवलेलं होतं, तोच तो. तज्ज्ञांनी बघितलेला, मोजलेला, छापलेला. एवढ्या सगळ्यांच्या नजरेखाली त्याच्या बरगड्यांच्या आत एक इवलंसं उजवं पाऊल होतं, बोटांसकट, जवळजवळ अखंड. पुढे कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातले हान्स लार्सन संग्रह बघायला गेले आणि त्यांना ते दिसलं. पावलाच्या ठेवणीवरून तो प्राणी उंदराएवढा, झाडावर चढण्यात फारसा पटाईत नसलेला. मारून खाल्ला की मेलेला उचलला हे पावलावरून कळत नाही.

रानवाट, दिवसा शिकार करायचा की रात्री हा वाद अजून आहे. डोळ्यांतल्या हाडांच्या कड्यांच्या मापावरून २०११ मध्ये निशाचर म्हटलं गेलं. पण झळाळत्या पिसांचे आजचे पक्षी बहुतेक दिवसाचे असतात. अंधारात कुणासाठी झळाळायचं?

---

वाचनमात्र | बुधवार, रात्री ११:०६

आणि भाच्याला काय सांगितलंत शेवटी?

---

गारगोटी | गुरुवार, सकाळी ७:५०

काही सांगायची वेळच आली नाही. काल संध्याकाळी त्याने डब्यातला हिरवा रॅप्टर काळ्या बूटपॉलिशने रंगवला, गच्चीवरून कावळ्याची चार पिसं गोळा केली आणि डिंकाने लावली. हातांची दोन बरोबर लागलीत, पायांची दोन उलटी, अरुंद कड मागे. शेपटीला झाडूच्या दोन काड्या. पोटाला खालून ब्लेडने चीर देऊन आत एक प्लॅस्टिकची पाल कोंबली आहे. डोक्याकडून.

शंकेखोर यांना आगाऊ खुलासा: हा नमुना मात्र चिकटवलेलाच आहे.